ज्याचे नाते निघत नाही असा माणूस

आमच्या भागात दोन अनोळखी माणसे एसटीत शेजारी बसली, की बारामती सुटून भिगवण यायच्या आत त्यांचे नाते निघते. "पाहुणं कुठलं?" इथून सुरुवात होते. मग मामाचे गाव, आत्याची सासुरवाडी, चुलत्याच्या व्याह्यांचा मळा असे करत करत कुठेतरी धागा जुळतो आणि दोघांनाही कोडे सुटल्यासारखा आनंद होतो. ज्याचे नाते निघत नाही, त्याच्याकडे लोक जरा संशयानेच बघतात. मला नोकरीत नेमका असाच माणूस शोधायचे काम लागले. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत, कोणाशीही नाते न निघणारा माणूस.

नोकरी कसली ते आधी सांगतो. कारण "घोड्यांच्या शर्यतींच्या निधीचा सचिव होतो" असे म्हटले, की समोरचा आजही मला सट्टेवाला समजतो.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे गावोगावच्या यात्रांत घोड्यांच्या शर्यती होत. शर्यतीच्या दिवसाला 'मैदान' म्हणायचे. घोडे असत बागायतदारांचे. त्यांच्यावर बसणारी पोरे मात्र दुसऱ्यांची, बहुतेक वेळा मालकाच्याच रानात कामाला असणारी. घोडा जिंकला तर फेटा मालकाला आणि पडला तर हाड स्वाराचे, असा तो व्यवहार. लंगडा झालेला घोडा कालव्याच्या कडेला सोडून दिलेला मी स्वतः पाहिलेला आहे. हे बरे नव्हे, असे काही मालकांनाच वाटले आणि त्यांनी निधी काढला. प्रत्येक मैदानातून थोडा वाटा यायचा, मोठा हिस्सा पुण्याचा एक देणगीदार ट्रस्ट द्यायचा. त्यातून जखमी स्वारांचे आणि घोड्यांचे उपचार व्हायचे. कचेरी म्हणजे बारामतीत भिगवण रस्त्याला एका खताच्या दुकानावरची खोली. पावसाळ्यात युरियाचा वास जिन्याने वर यायचा आणि पाहुण्याला दिलेल्या चहातही उतरायचा.

माझे वडील बारामती स्टेशनवर टांगा चालवत. आमच्या घरातही घोडी होती, चंद्री नावाची, पण ती शर्यतीची नव्हती, पोटाची होती. तिच्या पायांवर मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. माझा निकाल लागला त्याच सुमारास गावात सहा आसनी रिक्षा आल्या, टांग्याला गिऱ्हाईक राहिले नाही, आणि वडिलांनी चंद्री विकली. ती गेल्यावरही ते रोज सकाळी स्टँडवर जाऊन बसायचे. तिथेच त्यांची ओळख असलेल्या तात्यांनी त्यांना विचारले, "पोरगं शिकलंय म्हणं. हिशेब येतो का त्याला?" अशी मला निधीची नोकरी लागली. तात्यांचे हे उपकार मी कधी विसरलो नाही, आणि पुढे घडले त्यात हेच मला जड गेले.

तात्या सांगवीचे. ऊस, विहीर, जीप, दोन शर्यतीचे घोडे. ते निधीचे अध्यक्ष. दुसऱ्या बाजूला पळसदेवचे आबा, उपाध्यक्ष. त्यांचे जुने घर-रान उजनीच्या पाण्यात गेलेले, नवे रान पाण्याच्या काठावर फुललेले, आणि एक काळा घोडा, ज्याचे नाव काढले की तात्यांचा आवाज बदलायचा. तीन सभासद बारामतीचे, तीन इंदापूरचे. सहाच्या सहा घोडेमालक. साध्या विषयावर एकमत व्हायचे. पण विषयात तात्यांचा आणि आबांचा घोडा समोरासमोर आला, की तीन विरुद्ध तीन.

तसा तो आला बबनच्या अपघातात.

बबन तात्यांच्या मळ्यात कामाला होता. अंगाने सडपातळ, घोड्यावर बसला की घोड्याच्या पाठीतूनच उगवल्यासारखा दिसायचा. इंदापूरकडच्या एका मैदानात शेवटच्या टप्प्यात तो तात्यांच्या घोड्यावर पुढे होता आणि आबांचा काळा घोडा त्याच्या बरोबरीला येत होता. बबनने घोडा आत घेतला, घोड्यांचे खांदे एकमेकांना घासले आणि बबन खाली आला. घोड्यांना काही झाले नाही. बबनच्या मांडीचे हाड मोडले. इथे प्लास्टर झाले, पण हाड वाकडे जुळले. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, पाडव्याच्या आत पुन्हा ऑपरेशन करून पट्टी बसवली तर पाय सरळ होईल, नाहीतर पाय जन्मभर आखूड.

निधीचा नियम होता, की स्वाराच्या स्वतःच्या चुकीने अपघात झाला तर मदत मिळणार नाही. हा नियम सहा मालकांनीच केलेला. तात्या म्हणाले, आबांच्या स्वाराने ढकलले. आबा म्हणाले, बबनच आडवा आला. तीन विरुद्ध तीन, विषय तहकूब.

मी धीर करून तात्यांना विचारले, की तुम्हीच खर्च केलात तर? त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आत्तापतुर म्याच केला का न्हाय? आता म्या दिलं तर समदं मैदान म्हणंल, तात्याचीच चूक हुती म्हणून देतोय. निधी कशाला काढलाय मग?" म्हणजे पाय बबनचा आणि अडला होता तो दोघांच्या अब्रूत.

अशात पुण्याच्या ट्रस्टचे एक वयस्कर विश्वस्त आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही सहाही जण मालक आहात. इथे एक सातवा त्रयस्थ माणूस घ्या. ज्याचा घोडा नाही, ज्याच्या नात्यात घोडा नाही, ज्याने कधी शर्यतीवर पैसे लावले नाहीत. तो येईपर्यंत आमची देणगी थांबली असे समजा." जिना उतरताना मी त्यांना विचारले, "साहेब, असा माणूस आमच्या दोन तालुक्यांत मिळेल का?" त्यांना वाटले मी विनोद केला. ते हसत गाडीत बसले.

माणूस शोधायची पद्धत सभेने ठरवून दिली. प्रत्येक उमेदवाराच्या घरी सचिवाने जायचे, बरोबर दोन्ही बाजूंचा एकेक माणूस हवाच. ते एकेक म्हणजे अर्थात तात्या आणि आबा. जीप तात्यांची. पुढच्या सीटवर कोण बसणार, यावर पहिल्या दिवशी थोडा वेळ दोघेही रस्त्यावर उभे राहिले. शेवटी दोघे मागे बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी जीपमध्ये पुढे बसलो. मागे दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी. आबांकडे पानतंबाखूची चंची असायची. ते स्वतः मळून खायचे आणि चंची परत खिशात ठेवायचे. तात्यांनाही तंबाखू लागायची, पण त्यांनी ती कधी मागितली नाही आणि आबांनी कधी पुढे केली नाही. आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

पहिले गेलो इंदापूरला, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांकडे. कोकणातले गृहस्थ, इथेच घर बांधून राहिलेले. मला वाटले, यांचे इथे कोणाशी नाते निघायचे कारण नाही. पण मी एक गोष्ट विसरलो होतो. टोपीवाले दोन वडीलधारे आणि पँट-शर्टातला एक तरुण जीपमधून उतरून दारात उभे राहिले, की आमच्या भागात त्याचा एकच अर्थ होतो. काकूंनी आम्हाला बसवले, आत लगबग झाली, आणि साहेब अंघोळीहून यायच्या आत कांदेपोहे आले. पोह्यांचा ट्रे साडी नेसलेल्या मुलीच्या हातात होता.

आबा माझ्या कानाशी पुटपुटले, "सेक्रेटरी, पोरगी चांगली हाय. इचारू का?"

"आबा, आपण सभासद बघायला आलोय."

"त्ये बी बघू की."

साहेब बाहेर आले आणि खुलासा झाल्यावर सगळ्यांत जास्त ओशाळे झाले. त्यांनी नम्रपणे नकार दिला. काकू मात्र निरोप देताना माझ्या वडिलांचे गाव विचारत होत्या.

दुसरे एक बँकेचे शाखाधिकारी, बदलीवर विदर्भातून आलेले. नाते निघण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी आनंदाने होकार दिला, चहा मागवला, आणि दार लोटून घेत विचारले, "आता आतल्या गोटात आलोच आहे, तर पुढच्या मैदानाला कोणता घोडा धरायचा?" आम्ही तिघे चहा तसाच ठेवून उठलो. जीपमध्ये तात्या आणि आबा पहिल्यांदा एकाच गोष्टीवर हसले, पण दोन वेगवेगळ्या खिडक्यांकडे बघत.

तिसरे एक डॉक्टर. सरळ, अबोल, घोड्याला घाबरणारे. मी मनात ठराव लिहायलाच घेतला होता. तेवढ्यात आबांनी सवयीने विचारले, "डाक्टर, सासुरवाडी कुठली?" डॉक्टरांनी गाव सांगितले. आबांचा चेहरा उजळला. "म्हंजी आमच्या थोरल्या मेव्हण्यांची भावकी की. त्यांच्यातल्या एकाचा तांबडा घोडा हाय, त्यात म्या निम्मा वाटा घेतलाय." नाते निघाल्याचा त्यांना एवढा आनंद झाला, की आपण उमेदवार बाद केला हे त्यांच्या जीप सुरू झाल्यावर लक्षात आले.

"इचारायचंच कशाला पण?" तात्या म्हणाले.

"तुमी न्हाय इचारत? काल त्या मॅनेजरला म्हटलात न्हवं, नागपुराकडं आमचा एक पाव्हणा असतो म्हणून."

मी पुढे बसून ऐकत होतो. बबनचे दिवस चालले होते.

कोकरेबाई स्वतःच कचेरीत आल्या. उमेदवार म्हणून नव्हे, तक्रार घेऊन. सुप्याच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, शाळेच्या मागेच राहणाऱ्या. खताच्या पोत्यांतून वाट काढत जिना चढून आल्या, पदराने घाम टिपला आणि विचारले, "इथला सचिव कोण?"

"मीच, बाई."

"तुम्हाला मुलं आहेत?"

"अजून नाहीत."

"म्हणूनच. सकाळच्या शाळेच्या वेळेला तुमच्या मालकांचे घोडे आमच्या रस्त्यानं सराव करतात. पहिलीतली पोरं भिंतीला चिकटून उभी राहतात. मी घोड्यांच्या विरुद्ध नाही. वेळेच्या विरुद्ध आहे."

मी त्या मालकांना समज देण्याचे कबूल केले. मग माझ्या डोक्यात वीज चमकावी तसा विचार आला आणि भीतभीत विचारले, "बाई, तुमच्या घरी कधी घोडा होता?"

"घोड्या होत्या. वडिलांची मेंढरं होती. आम्ही पावसाळा सरला की मेंढरं घेऊन खाली कोकणात निघायचो. घोडीवर बिऱ्हाड असायचं, कोंबड्या असायच्या, कोकरं असायची आणि वर मी असायची. ती घोडी शर्यतीत पळवायची म्हणजे घरच पळवायचं. कोण पळवील?"

"आणि पाहुण्यांत कोणाचा शर्यतीचा घोडा?"

"आमच्या पाहुण्यांत कोणी असला उद्योग केला, तर त्याला पंगतीतून उठवतील."

"शर्यतीवर कधी पैसे..."

त्यांनी चष्म्यावरून नुसते पाहिले. मी पुढचे शब्द गिळले. शाळा सुटून इतकी वर्षे झाली होती, तरी मी उभा होतो हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

तात्यांना मी नाव सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ही बाई तर आपल्या इरुद्ध तक्रार घिऊन आल्ती."

आबा म्हणाले, "व्हय, पर दोघांच्या बी इरुद्ध. मग चालंल."

सुप्याला बाईंच्या ओट्यावर आम्ही बसलो. त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. तात्यांनी माहेर विचारले, आजोळ विचारले, भावांच्या सासुरवाड्या विचारल्या. आबांनी मेंढरे कुठल्या वाटेने जायची ते विचारले, की वाटेत तरी कुठे ओळख लागावी. मी देवाचा धावा करत होतो, की काही निघू नये. काही निघाले नाही. तात्यांचा चेहरा उतरला. "काय ओ बाई, कायच लागंना." त्यांना खरोखर वाईट वाटले होते.

"तुमच्या घरातली पोरं माझ्या हाताखाली शिकली असतील," बाई म्हणाल्या, "पण ती दोन्ही तालुक्यांतली आहेत आणि मी दोन्हीकडच्यांना सारखंच मारलंय. आता मला सांगा, तुम्हाला माझं मत पाहिजे की नुसती सही?"

आबा म्हणाले, "मत."

"मग मला आधी तो मुलगा बघू द्या."

सांगवीला बबनच्या घरी मी बाईंना एकटाच घेऊन गेलो. बबन बाजेवर पडला होता. बायको चुलीपुढे पाठ करून बसलेली. बाईंनी काय झाले ते विचारले. तो लगेच म्हणाला, "चूक माझीच हाय, बाई. म्याच घोडं आत घेतलं."

हेच वाक्य सभेत आले, तर नियमाप्रमाणे विषय संपला.

"घोडा आत घ्यायचं कोणाच्या मनात आलं?" बाईंनी विचारले.

बबन पत्र्याकडे बघत राहिला. "ध्येनात न्हाय."

चुलीपुढून बायकोचा आवाज आला, "ध्येनात न्हाय कसं? रोज झोपंत बडबडता की."

"तू गप."

बाईंनी पुन्हा विचारले नाही. त्यांनी बबनच्या पायावरचे पांघरूण नीट केले आणि बाहेर आल्या. एसटीची वाट बघताना एवढेच म्हणाल्या, "ज्याच्या रानात भाकरी आहे, त्याच्याविरुद्ध बोलायला आपण त्याला सांगायचं नाही. ते दुसऱ्या कोणीतरी बोललं पाहिजे. मी येते सभासद म्हणून."

सभेच्या दिवशी मी खोली झाडून घेतली, सातवी खुर्ची खालच्या दुकानातून आणली. पाडवा तोंडावर आला होता. सहाही सभासद आले, बाई आल्या. मी स्वागताचे दोन शब्द बोलणार, तोच तात्या उठले. त्यांच्या हातात साडी, खण आणि नारळ. आमच्याकडे बाईमाणूस पहिल्यांदा मानाने दारी आले तर रिकामे पाठवत नाहीत. तात्यांच्या मनात दुसरे काही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. ते म्हणाले, "बाई, आजपास्नं तुमी माझी बहीण. ही भावाकडची साडी."

बाईंनी साडी कपाळाला लावून मांडीवर घेतली. आणि आबा उठले.

"झालंच की मग," ते म्हणाले. "ती तुमची बहीण झाली. त्रयस्थ कुठं ऱ्हायली? चला रं." इंदापूरचे दोघेही उठले. एकाने वहाणा पायात सरकवल्या.

इतक्या दिवसांत दोन तालुके पालथे घालून नाते नसलेला माणूस मी शोधला, आणि तात्यांनी सभा सुरू व्हायच्या आत त्याला नाते लावले. असली चूक आमच्याच भागात होऊ शकते.

बाई शांतपणे म्हणाल्या, "आबा, बसा. पळसदेवला बहिणीला साडी देत नाहीत का?"

आबा दारातच थांबले. "देतो की. न द्यायला काय झालं?"

"मग?"

आबांनी बरोबरच्या माणसाला खाली पिटाळले. तो कापडाच्या दुकानातून येईपर्यंत सभा तशीच बसून राहिली. साडी आली. तात्यांच्या साडीपेक्षा तिचा काठ रुंद असल्याचे मी पाहिले, आणि तात्यांनीही पाहिले. बाईंनी तीही कपाळाला लावली आणि पहिलीवर ठेवली.

"आता मी दोघांची बहीण. ओवाळणी काय घालणार?"

दोघांचेही हात एकदम खिशाकडे गेले.

"पैसे नकोत. बबनचा विषय संपेपर्यंत दोघांनी खाली जाऊन बसायचं. ज्यांचे घोडे त्या शर्यतीत होते, त्यांनी या विषयात बोलायचं नाही आणि मतही द्यायचं नाही. एवढीच माझी ओवाळणी."

"अध्यक्षाला भाईर काढता, बाई?" तात्या म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण त्यात दुखावल्याची कड होती.

"अध्यक्षाला कोण सांगतंय? मी भावाकडे मागतेय."

ओवाळणी नाकारणारा भाऊ आमच्याकडे अजून जन्मायचा आहे. आधी आबा उठले, मग तात्या. मी दोघांना जिन्यापर्यंत सोडले. ज्यांनी मला नोकरी दिली, त्यांच्यामागे दार लोटताना माझा हात जड झाला होता. पण मी ते लोटले. माझ्या नोकरीतले ते सगळ्यांत चांगले काम, असे मला आज वाटते.

आत चार मालक आणि बाई. बाईंनी विचारले, "मला शर्यतीतलं काही कळत नाही, म्हणून विचारते. पळताना घोडा आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा, हे स्वार ठरवतो की मालकानं आधी सांगितलेलं असतं?"

तात्यांच्याच बाजूचे एक सभासद घसा खाकरून म्हणाले, "मालक सांगतो, बाई. समदंच सांगतो. चाबूक कवा मारायचा त्ये बी."

"आमी बी सांगतो," इंदापूरचा एक म्हणाला. "न ऐकणाऱ्या पोराला पुन्यांदा बसवत न्हाय कुणी."

"मग नियमात स्वाराची चूक लिहिली आहे, ती कोणाची धरायची?"

चौघांनाही उत्तर ठाऊक होते. तात्या समोर असते, तर त्यांतल्या दोघांना ते बोलता आले नसते, आणि आबा समोर असते, तर दुसऱ्या दोघांना त्याचे भांडण केल्यावाचून राहवले नसते. मालकाच्या सांगण्यावरून स्वाराने केलेली गोष्ट स्वाराची चूक धरू नये आणि बबनला पूर्ण मदत द्यावी, असा ठराव झाला. विरोधात कोणी नाही. मी तो माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात लिहिला.

दोघांना बोलवायला मी खाली गेलो. दुकानासमोरच्या बाकावर ते शेजारी बसले होते. मध्ये जागा नव्हती. चंची उघडी होती आणि तात्या आबांची तंबाखू तळहातावर मळत होते.

मी ठराव सांगितला. तात्यांनी मळणे थांबवले. ते म्हणाले, "म्याच सांगितलं हुतं त्याला, आत घे म्हणून. आत्ता आबांना त्येच सांगत हुतो."

"मला काय ठावं न्हवतं व्हय?" आबा म्हणाले. "म्या बी माझ्या पोराला सांगितलं हुतं, दाबून धर म्हणून." मग माझ्याकडे वळून ते उत्साहाने म्हणाले, "सेक्रेटरी, एक गंमत झाली. तात्यांचं आजोळ आन् माझ्या आजीचं माहेर एकाच आळीतलं निघालं."

पुढे काय होणार, हे मला तेव्हाच दिसले होते.

बबनचे ऑपरेशन पाडव्याच्या आधी झाले. तात्या त्याला स्वतः जीपमधून घेऊन गेले, पुढच्या सीटवर बसवून. पाय वाचला. चालताना किंचित हेलकावा राहिला आणि घोड्यावर तो पुन्हा बसला नाही, ही खंत त्यालाही आहे आणि मलाही. पण पुढच्या हंगामापासून मैदानात सुरुवातीचा झेंडा त्याच्या हातात आला. त्याने झेंडा पाडल्यावर कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. सुप्याच्या रस्त्यावरचा सराव शाळा भरण्याआधीच संपायला लागला. पुढे मैदाने कमी होत गेली आणि निधीही बंद झाला. मी दुसऱ्या नोकरीत गेलो. माझे वडील निधी चालू असेपर्यंत दर मैदानाला येत आणि घोड्यांच्या पायांकडे बघत बसत. चंद्रीचे नाव मात्र त्यांनी पुन्हा काढले नाही.

बाकावरच्या त्या तंबाखूचा शेवट, निधी चालू असतानाच, लग्नात झाला. तात्यांचा धाकटा मुलगा आणि आबांची पुतणी. म्हणजे निधीचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष व्याही झाले. पुण्याच्या विश्वस्तांना मी फोनवर हे कळवले, तेव्हा त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मग त्यांनी विचारले, "त्या बाई अजून सभासद आहेत ना?" आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, "मग असू द्या."

लग्नाला बाई सुप्याहून आल्या. कोणती साडी नेसणार, यावर दोन्ही घरांत चर्चा झाली होती म्हणे. त्या स्वतःच्या, शाळेतल्या जुन्या सुती साडीत आल्या. मांडवात एका बाजूला मुलाकडची मंडळी, दुसऱ्या बाजूला मुलीकडची. तात्यांनी एका बाजूने हाक मारली, आबांनी दुसऱ्या बाजूने. बाई दोघांनाही नमस्कार करून मांडवाबाहेर गेल्या, जिथे बबन नवरदेवाच्या घोडीचा लगाम धरून, काठीशिवाय, उभा होता. त्याच्या शेजारी त्यांनी खुर्ची मागून घेतली.

अक्षता वाटणारी एक नवखी बाई त्यांच्यासमोर थांबली आणि आमच्या भागातल्या रीतीप्रमाणे तिने विचारले, "तुम्ही मुलाकडच्या का मुलीकडच्या?"

कोकरेबाईंनी ओंजळ पुढे केली. "मी घोड्याकडची," त्या म्हणाल्या.